कामगार ठेकेदाराचा, मग कंपनीचा काय संबंध?

शिरूर-दौंड पट्ट्यात उद्योगधंदे आणि माणसांचे हक्क हा विषय निघाला की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो. विचारणारा कधी रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला तरुण असतो, कधी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी, तर कधी स्वतः मनुष्यबळ अधिकारी. प्रत्येकाचा सूर वेगळा असला तरी मुद्दा एकच असतो. पगार ठेकेदार देतो, हजेरी ठेकेदार मांडतो, कामावरून काढतोही ठेकेदारच. मग काही वाईट झालं तर त्या मोठ्या नावाच्या कंपनीला धरायचं कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला हे दोन तालुके फार सोयीचे आहेत, कारण इथे जवळपास सगळ्या प्रकारचे धंदे नांदतात. नगर रस्त्यावर रांजणगाव गणपतीच्या शेजारी फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि मोटारी बनवणारी एमआयडीसी आहे. सोलापूर महामार्गावर, फिरंगाईमातेच्या कुरकुंभला, रसायनं आणि औषधांची एमआयडीसी आहे. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने आहेत, आलेगावच्या दौंड शुगरसारखे खासगीही आहेत. केडगाव-पारगावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. जागतिक कंपनीपासून चुलवणावर काकवी उकळणाऱ्या घरगुती धंद्यापर्यंत सगळं एका दिवसात पाहून होईल, इतकं जवळजवळ.

१. हक्क फक्त सरकारपुढे मागायचे असतात का?

मानवी हक्क म्हटलं की आपल्याला पोलीस कोठडी, मोर्चा, निवडणूक आठवते. म्हणजे नागरिक एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला. पण साधा विचार करा. माणसाच्या जागेपणीचे सर्वांत जास्त तास कामावर जातात. त्याला मिळणारा पगार, कामाचे तास, शौचालय, वस्तीवरचं पिण्याचं पाणी, मुलांची शाळा हे सगळं धंद्याच्या निर्णयांनी ठरतं. जगण्याचा हक्क तिथेच टिकतो किंवा मोडतो.

आपली राज्यघटना याबाबत स्पष्ट आहे. अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी घालतो, आणि ती बंदी सरकारइतकीच खासगी माणसालाही लागू आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी मैदानं आणि पूल बांधले जात होते. कामं ठेकेदारांकडे होती आणि ठेकेदारांनी मजूर आणले होते जमादारांकडून. त्या वेळी किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापून घेत, मजुराच्या हातात सव्वाआठच पडत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पोटाच्या मजबुरीने कुणी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही सक्तीची मजुरीच. आणि काम ठेकेदारावर सोपवलं म्हणून काम देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

कारखान्यांच्या बाबतीत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही तेच म्हटलं होतं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. नव्या कामगार संहितेतही हे तत्त्व टिकलं आहे. तेव्हा कंत्राटावरच्या त्या तरुणाला इतकं निश्चित सांगता येतं की मजुरीपुरता तरी संबंध आहे, आणि तो कायद्याने आहे.

२. तीन खांब

पण प्रश्न फक्त मजुरीचा नसतो. शिवाय कंपनी एका देशातली, कारखाना दुसऱ्या देशातला आणि कच्चा माल तिसरीकडचा असला तर कुठल्या देशाचा कायदा लावायचा? भोपाळच्या वायुगळतीने १९८४ मध्ये हा प्रश्न हजारो मृत्यूंच्या रूपात आपल्यापुढे ठेवला होता. त्यावर जगाला एकमत व्हायला बराच काळ लागला. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी काही वर्षं हे काम केलं, आणि जून २०११ मध्ये मानवाधिकार परिषदेने त्यांची ३१ मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली.

ती तीन खांबांवर उभी आहेत. पहिला, सरकारने लोकांच्या हक्कांचं रक्षण करायचं. दुसरा, धंद्याने हक्कांचा आदर राखायचा, म्हणजे आपल्या कामकाजामुळे कुणाच्या हक्कांना इजा होऊ द्यायची नाही. तिसरा, इजा झालीच तर भरपाईचा आणि दाद मागण्याचा मार्ग असायचा. दुसऱ्या खांबात एक गोष्ट फार मोलाची आहे. सरकार आपलं काम करत नसलं तरी धंद्याची जबाबदारी कमी होत नाही. ‘तपासायला कुणी येतच नाही’ ही सबब तिथे चालत नाही. ‘आमचा धंदा छोटा आहे’ हीसुद्धा नाही. उपाय लहान असू शकतात, पण चार मजूर असलेल्या गुऱ्हाळालाही हे तत्त्व लागू आहे.

ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, त्यांच्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. तरी त्यांच्यातून कायदे निघू लागले आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडची स्थिती तपासणं बंधनकारक केलं. भारतात २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतलं पाचवं मानवी हक्कांबद्दल आहे. त्यांच्या आधारे सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना दरवर्षी अहवाल देणं सक्तीचं केलं. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एखाद्या कंपनीचं नाव त्या यादीत असेल, तर किती कामगार कायम आहेत, किती कंत्राटी, किती जणांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळतं, हे त्या अहवालात छापलेलं सापडतं. तो कुणालाही वाचता येतो. गावातल्या शिकलेल्या मुलांनी तो एकदा उघडून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

३. एक कोयता, एक उचल

आता उसाच्या फडात जाऊ, कारण ठेकेदारीची साखळी तिथे जितकी लांब आहे तितकी इतरत्र क्वचितच असेल. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डी-शेवगाव आणि इतर कोरडवाहू भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. या हिशेबात बाई स्वतंत्र कामगार म्हणून कुठेच दिसत नाही. तिची मजुरी जोडीच्या हिशेबात जाते आणि तो हिशेब पुरुषाच्या नावावर असतो.

पैसा असा फिरतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ट्रॅक्टरवाल्या वाहतूकदाराशी करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार टोळी आणणाऱ्या मुकादमाला देतो, मुकादम जोडप्याला. जोडप्याला जी मिळते ती उचल. ती पावसाळ्यातच घेतलेली असते आणि लग्नात, दवाखान्यात किंवा घराच्या कौलात खर्चूनही झालेली असते.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते सोपे घेतले आहेत. उचल १,००,००० रुपये. तोडणीचा दर टनाला ३५० रुपये. जोडपं दिवसाला २ टन ऊस तोडतं, मोळ्या बांधतं, गाडी भरतं. दिवसाची कमाई ७०० रुपये, दोघांची मिळून. हंगाम १२० दिवस चालला तर ८४,००० होतात. एकही दिवस न चुकता राबूनसुद्धा १६,००० अंगावर राहिले. आता समजा ताप आला, मूल आजारी पडलं आणि आठ दिवस काम बुडालं. कमाई ५,६०० रुपयांनी घटली. शिवाय खाड्याचा दंड, दिवसाला ५०० धरला तर ४,०००. बाकी १६,००० वरून २५,६०० वर गेली. ही रक्कम पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते, म्हणजे पुढच्या वर्षी कुठे जायचं, कुणाकडे जायचं हे आजच ठरून गेलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किराण्यापुरते पैसे सुटतात, त्याने बाकी फिटत नाही.

या हिशेबात कुणी कुणाला मारलेलं नाही, कोंडलेलं नाही. कागदावर सगळे राजीखुशीने आलेले आहेत. तरीही १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला नेमकी हीच परिस्थिती ठाऊक आहे: आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत काम सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा नाही. ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार हा कायदा कर्ज देणाऱ्यावर टाकतो.

आणि खाड्याच्या दंडाचा परिणाम शरीरावर कसा होतो, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या त्रासात सुट्टी परवडत नाही, फडात शौचालय नाही, कोपीत, म्हणजे राहत्या झोपडीत, न्हाणीला आडोसा नाही, उपचाराला वेळ नाही आणि गावाकडचा डॉक्टर ‘पिशवीच काढून टाकू’ म्हणतो. या मालिकेत डॉक्टरचा दोष मोठा आहे. पण ती मालिका सुरू होते कामाच्या अटींपासून, आणि त्या अटी लिहिल्या जातात हंगामाच्या करारात.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उचल घेऊन मुकादमच पसार झाला, टोळी आलीच नाही आणि ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला वाहतूकदार बुडाला, असंही आपल्या भागात वारंवार घडतं. हे वाहतूकदार बहुतेक शेतकऱ्यांचीच मुलं असतात. लाखोंची रोकड विश्वासावर फिरवणारी ही रीत मजुराला बांधते आणि वाहतूकदाराला धोक्यात घालते. सुरक्षित राहतो तो फक्त साखळीच्या वरच्या टोकाला असलेला.

४. घडवणं, हातभार लावणं, जोडलेलं असणं

लग्नात जेवणाचा ठेका आचाऱ्याला दिलेला असतो. पंगतीत पाहुण्यांना बाधा झाली तर यजमान ‘आचाऱ्याला विचारा’ म्हणून मंडपातून निघून जात नाही. तो आधी गाड्या काढतो, दवाखान्यात नेतो, मग आचाऱ्याला जाब विचारतो. आणि त्यानेच आचाऱ्याला परवडणार नाही असा दर ठरवून दिला असेल, तर शिळं तेल वापरलं जाण्यात त्याचाही हात असतो.

संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं हेच तीन पायऱ्यांत सांगतात. पहिली पायरी, इजा स्वतः घडवणं. गुऱ्हाळमालकाने उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराची मजुरी दाबून ठेवली, तर घडवणारा तोच. त्याने थांबायचं आणि भरपाई करायची. दुसरी पायरी, हातभार लावणं. गाळप पूर्ण क्षमतेने चालावं म्हणून साखर कारखाना रात्री-अपरात्री गाड्या मागवतो, आठवडी सुट्टीची सोय करारात ठेवत नाही, दंड कापला जातो हे ठाऊक असून गप्प बसतो. दंड कारखान्याने कापलेला नाही, पण तो कापला जाईल अशी स्थिती तयार करण्यात त्याचा वाटा आहे. आपल्या वाट्यापुरतं थांबायचं, आणि इतरांना थांबवण्यासाठी वजन वापरायचं.

तिसरी पायरी सर्वांत दूरची. बिस्किट किंवा शीतपेय बनवणारी कंपनी साखर विकत घेते. फडातल्या बाईला तिने कधी पाहिलेलंही नाही. तरी तिच्या मालातून ती त्या फडाशी जोडलेली आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधवृत्तान्त छापला. कोका-कोला आणि पेप्सी यांना साखर पुरवणाऱ्या इथल्या कारखान्यांपर्यंत कर्ज, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांचा माग त्यांनी काढला होता. अशा खरेदीदाराने लगेच खरेदी बंद करावी असं तत्त्वं म्हणत नाहीत. खरेदी तुटली तर मजुराचं कामच जाईल. खरेदीदार म्हणून जे वजन आहे ते आधी वापरा, कारखान्याशी बोला, करारात अटी घाला, त्या पाळल्या जातात का ते पाहा, आणि काहीच बदललं नाही तर शेवटी बाजूला व्हा, असा त्यांचा क्रम आहे.

यासाठी कंपनीने आधी स्वतःहून शोध घ्यायला हवा. आपल्या धंद्यामुळे कुणाचं काय बिघडू शकतं ते पाहायचं, त्यावर उपाय करायचा, उपाय लागू पडतो का तपासायचं, आणि ते लोकांना सांगायचं. याला मानवी हक्कांची पडताळणी म्हणता येईल. धंद्यातले लोक जोखमीचा विचार नेहमीच करतात, पण ती कंपनीपुढची जोखीम असते: दंड होईल का, ऑर्डर जाईल का. इथे जोखीम माणसाच्या बाजूने मोजायची असते. काय आधी हाती घ्यायचं हेही इजा किती खोल, किती जणांना, आणि पुन्हा भरून येणारी आहे की नाही यावर ठरतं. बुडालेली मजुरी परत देता येते. काढलेलं गर्भाशय परत देता येत नाही.

५. दोन टक्क्यांचा घोळ

‘आमच्या कंपनीने शाळेच्या खोल्या बांधल्या, वॉटर फिल्टर दिला, मग अजून काय हवं?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. त्या पैशातून गावोगाव चांगली कामं झाली आहेत. पण तो प्रश्न नफा झाल्यानंतर त्याचं काय केलं याचा आहे, आणि मानवी हक्कांचा प्रश्न नफा कसा झाला याचा. ओव्हरटाइमचे पैसे न देता मिळवलेल्या नफ्यातून बांधलेली वर्गखोली ओव्हरटाइमचा हिशेब मिटवत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही.

६. कुरकुंभची विहीर

सगळेच बाधित कामगार असतात असं नाही. कुरकुंभ, पांढरेवाडी परिसरात विहिरी आणि बोअरवेलचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. त्या शेतकऱ्याचा कंपनीशी कसलाच करार नाही. त्याची फक्त जमीन शेजारी आहे. सुभाष कुमार खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे हक्क आहे. अडचण आहे ती पुराव्याची. एमआयडीसीत रसायनांचे अनेक कारखाने, सांडपाण्यावर प्रक्रिया सामायिक प्रकल्पात, ओढा एकच. ओढ्यात आलेलं लाल पाणी कुणाचं, हे शेतकऱ्याने शोधून काढायचं?

माझ्या मते इथे भार उलटा फिरवला पाहिजे. प्रत्येक कारखान्याला आपल्या प्रक्रियेत काय आत येतं आणि काय बाहेर पडतं ते ग्रॅमपर्यंत माहीत असतं. शेतकऱ्याला नसतं. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती आधी मांडावी. शेजारच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी ठरावीक काळाने, कारखान्यांच्या खर्चाने पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली व्हावी, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. यात तंत्राची अडचण नाही.

७. तक्रार करायची कुणाकडे?

तिसरा खांब दाद मागण्याचा होता, आणि प्रत्यक्षात सर्वांत कच्चा तोच आहे. कारखान्यात तक्रारपेटी असते. ती फाटकाजवळ, कॅमेऱ्याच्या नजरेसमोर, सुपरवायझरच्या खुर्चीशेजारी टांगलेली असेल तर कंत्राटी मुलगी तिच्यात चिठ्ठी टाकेल का? उद्या तिला फक्त ‘कामावर येऊ नको’ एवढाच निरोप जाणार आहे, कारणसुद्धा सांगावं लागणार नाही. तक्रारीची सोय लोकांच्या विश्वासाची हवी, गाठता येण्याजोगी हवी आणि किती दिवसांत काय होईल हे आधी माहीत असायला हवं, असं ३१ वं तत्त्व सांगतं. कंत्राटी कामगारालाही ती खुली असली पाहिजे, आणि तक्रार केलेल्याचं काम पुढचे काही महिने ठेकेदाराला काढून घेता येणार नाही अशी अट करारात असली पाहिजे.

लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. जिथे ती नाही, त्या ठिकाणच्या स्त्रीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. गुऱ्हाळावरची बाई, फडातली बाई तिच्याकडे जाऊ शकते. कोपीपर्यंत ही माहिती पोचवण्याचं काम कारखान्याचा स्लिपबॉय सहज करू शकेल, कारण रोज फडात जाणारा कारखान्याचा माणूस तोच असतो.

ऊसतोड मजुरांपुढे एक जास्तीची अडचण आहे. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून दौंडला येणारी बाई महाराष्ट्रातच राहते, म्हणून ती त्यात बसली नाही. राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं. कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असं ठरलं. निधीचा हा रस्ता योग्य आहे, कारण तो साखळीच्या वरच्या टोकापासून सुरू होतो.

८. मालक कोण आहे?

सेबीचा अहवाल, दोन टक्क्यांचा कायदा, यांतलं काहीच सहकारी साखर कारखान्याला लागू होत नाही. तो शेअर बाजारात नाही आणि कंपनी कायद्याखालीही नाही. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी रांजणगावच्या कुठल्याही कारखान्याकडे नाही. त्याचे मालक त्याच तालुक्यात, त्याच गावांत राहतात. भीमा असो की घोडगंगा, मालक म्हणजे सभासद शेतकरी. त्यांच्याच शेताच्या बांधावर कोप्या पडतात. कारखाना भाड्याने चालवायला दिला, जसा पाटसचा २०२२ मध्ये दिला गेला, तरी सभासदत्व जात नाही.

सभासदाला दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा मिळते. तिथे बहुतेक वेळ उसाच्या दरावर जातो, आणि तो जायलाच हवा. कारण एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, थकली की शेतकऱ्याचाही हक्कच बुडतो. त्यासोबत आणखी काही गोष्टी लेखी विचारता येतील. तोडणी-वाहतुकीच्या कराराचा नमुना सभासदांना दाखवा. त्यात खाड्याच्या दंडाला मनाई आहे का? मजुरी बाई आणि पुरुष दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जाते का? महामंडळाच्या टनामागच्या १० रुपयांपैकी गेल्या हंगामात किती भरले, किती बाकी आहेत? तळावर पाण्याची टाकी, फिरती शौचालयं आणि दिवे यांची तरतूद अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली आहे? टोळ्यांसोबत आलेल्या शाळकरी मुलांची यादी शेतकी विभाग जवळच्या जिल्हा परिषद शाळेला किती तारखेपर्यंत देतो?

प्रश्न सभेच्या काही दिवस आधी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. म्हणजे उत्तर इतिवृत्तात येतं, आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम करताना त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवता येतं.